लेह ते अगत्ती : सरळ रेषेतलं अंतर आणि प्रत्यक्ष लागणारा वेळ

लेहचा विमानतळ समुद्रसपाटीपासून ३,२५६ मीटरवर, म्हणजे १०,६८२ फुटांवर आहे. अगत्तीचा जेमतेम चार मीटरवर. एक सिंधू खोऱ्यात डोंगरांनी वेढलेला, दुसरा लक्षद्वीपमधल्या चिंचोळ्या बेटाच्या टोकावर, दोन्ही बाजूंना पाणी. या दोघांमध्ये थेट विमान नाही. तरीही ‘किती लांब आणि किती तास?’ हा प्रश्न दोन्हीकडे जाणाऱ्यांना पडतोच. कुठल्याही अंतरमापक अ‍ॅपमध्ये नावं टाकली की उत्तर येतं : २,६४९ किलोमीटर, साधारण साडेतीन तास. पहिला आकडा बरोबर आहे. दुसरा अशा विमानाचा आहे जे या दोन धावपट्ट्यांमध्ये उडूच शकत नाही. हे दोन्ही आकडे कसे येतात आणि प्रत्यक्षातला वेळ कसा मांडायचा, ते हिशेबासकट इथे देत आहोत.

सुरुवात अक्षांश-रेखांशापासून. गावाचे नव्हे, विमानतळाचे घ्यायचे. प्रत्येक विमानतळाचा अधिकृत संदर्भबिंदू ठरलेला असतो आणि तो अंश, मिनिटं, सेकंदांत दिलेला असतो. लेह : उत्तर ३४°०८′०९″, पूर्व ७७°३२′४७″. अगत्ती : उत्तर १०°४९′२५″, पूर्व ७२°१०′३४″. हिशेबासाठी हे दशांशात आणायचं, म्हणजे मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३,६०० ने भागून अंशांत मिळवायचं. लेह ३४.१३५८ आणि ७७.५४६४, अगत्ती १०.८२३६ आणि ७२.१७६१.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. १०°४९′ हे घाईत १०.४९ असं लिहिलं जातं. खरं ते १०.८२ आहे. फरक एक तृतीयांश अंशाचा, म्हणजे जमिनीवर जवळपास ३७ किलोमीटर. अगत्तीसारख्या बेटाच्या बाबतीत तो बिंदू सरळ समुद्रात पडतो. दुसरी चूक अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल. तसं झालं तर या जोडीचं उत्तर ८९० किलोमीटरच्या आसपास येतं. आकडा अगदी शक्य कोटीतला वाटतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही. त्यामुळे सूत्र वापरण्याआधी अंतराचा ढोबळ अंदाज काढून ठेवावा.

तो अंदाज असा. एक अंश अक्षांश म्हणजे सुमारे १११.१९ किलोमीटर. दोन अक्षांशांमधला फरक २३.३१२२ अंश, म्हणजे उत्तर-दक्षिण २,५९२ किलोमीटर. रेखांशांमधला फरक ५.३७०३ अंश, पण रेखांश ध्रुवाकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून त्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश २२.४८, त्याचा कोसाइन ०.९२४. पूर्व-पश्चिम अंतर आलं ५५२ किलोमीटर. आता काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढा : २,६५० किलोमीटर. शाळेतल्या पायथागोरसने काम भागलं, कारण हा मार्ग बहुतांशी उत्तर-दक्षिण आहे. पूर्व-पश्चिम लांब मार्गांवर, त्यातही उत्तरेच्या वरच्या अक्षांशांवर, ही युक्ती चालत नाही.

नेमकं उत्तर हॅवरसाइन सूत्राने, म्हणजे गोलावरच्या दोन बिंदूंमधलं अंतर काढायच्या सूत्राने. अक्षांश-फरकाचा अर्धा ११.६५६१ अंश, त्याचा साइन ०.२०२०४, वर्ग ०.०४०८२. रेखांश-फरकाचा अर्धा २.६८५२ अंश, साइन ०.०४६८५, वर्ग ०.००२१९५. या दुसऱ्या वर्गाला दोन्ही ठिकाणांच्या अक्षांशांच्या कोसाइननी गुणायचं : लेहचा ०.८२७७, अगत्तीचा ०.९८२२. गुणाकार ०.००१७८४. दोन्हींची बेरीज ०.०४२६०. तिचं वर्गमूळ ०.२०६४. ज्याचा साइन एवढा आहे तो कोन रेडियनमध्ये ०.२०७९. त्याची दुप्पट ०.४१५८. पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, ६,३७१ ने, गुणलं की २,६४९ किलोमीटर. १.८५२ ने भागलं की १,४३० नॉटिकल मैल. एक्सेलमध्ये करत असाल तर कोन आधी रेडियनमध्ये बदलून घ्या. तिथली साइन-कोसाइनची फंक्शन्स अंश ओळखत नाहीत.

पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांकडे चपटी आहे. त्यामुळे विषुववृत्ताजवळ एक अंश अक्षांश ११०.६ किलोमीटरचा भरतो आणि ध्रुवाजवळ १११.७ चा. आपला सगळा मार्ग दक्षिणेकडच्या, म्हणजे लहान अंशांच्या पट्ट्यात येतो. लंबगोल पृथ्वी धरून मोजलं तर अंतर सुमारे दहा किलोमीटरने कमी होतं, २,६३९ च्या आसपास. व्हिन्सेंटी यांची १९७५ ची पद्धत वापरणारी साधनं हा दुसरा आकडा देतात. दोन संकेतस्थळांवर वेगळे आकडे दिसले की हेच कारण बहुतेकदा असतं. वेळेच्या हिशेबात हा फरक मिनिटभराचाही नाही.

आता ही रेषा जाते कुठून? लेहहून निघताना दिशा १९३ अंश, म्हणजे दक्षिणेच्या किंचित पश्चिमेला. अगत्तीला पोचताना १९१. मंडीजवळून डोंगर उतरते, चंडीगढ आणि जयपूर यांच्या थोडं पश्चिमेकडून जाते, मग रतलामच्या पश्चिमेकडून. महाराष्ट्रात ती नंदुरबारच्या जरा पूर्वेला शिरते. पुढे निफाड, पुण्याच्या पश्चिम कडेला हिंजवडीचा परिसर, महाबळेश्वर, चिपळूण, आणि विजयदुर्गाजवळ किनारा सोडते. लडाख आणि लक्षद्वीप यांना जोडणारी सर्वांत जवळची वाट महाराष्ट्राला उभी चिरत जाते, हे नकाशावर सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही ठिकाणी टाचण्या टोचून दोरा ताणून बघा.

अंतर झालं. आता काल्पनिक थेट विमानाचा वेळ. एअरबस ए३२० साधारण ३६,००० फुटांवर ०.७८ माखने, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पटीने उडतं. त्या उंचीवरच्या थंड हवेत हा वेग ४४७ नॉट (ताशी नॉटिकल मैल), म्हणजे ताशी ८२८ किलोमीटर होतो. १,४३० भागिले ४४७ म्हणजे ३ तास १२ मिनिटं. पण विमान चढताना आणि उतरताना या वेगाने जात नाही, हवाई मार्गही दोऱ्यासारखे सरळ नसतात. त्यासाठी पंधराएक मिनिटं धरा. गेटवरून हलल्यापासून धावपट्टीपर्यंत आणि उतरल्यावर परत गेटपर्यंत मिळून आणखी वीस. तिकिटावर छापली जाते ती वेळ गेट ते गेट असते, म्हणून थेट विमान असतं तर तिकिटावर पावणेचार तास दिसले असते.

वारा यात कुठे बसतो? हिवाळ्यात उत्तर भारतावरून पश्चिमेचा जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावरचा वेगवान वारा, वाहतो आणि १०० नॉटचा वारा तिथे नवलाचा नाही. आपली दिशा १९३, वारा २७० कडून येणारा. पहिल्या नजरेला तो निव्वळ आडवा वाटतो. हिशेब केला की समोरून येणारा भाग २२ नॉट निघतो आणि आडवा भाग ९७. आडव्या वाऱ्यात मार्गावर टिकायला विमानाला नाक जवळपास १३ अंश वाऱ्याकडे वळवून उडावं लागतं, त्यात ४४७ मधले ११ नॉट जातात. जमिनीवरचा वेग उरतो ४१४. निम्म्या मार्गावर असा वारा धरला तर जाताना सुमारे आठ मिनिटं वाढतात. परतीला तोच वारा जेमतेम अडीच मिनिटं वाचवतो. येता-जाता बेरीज-वजाबाकी शून्य होईल हा समज म्हणून चुकीचा आहे. आडवा वारा दोन्ही दिशांना वेग खातोच.

हे सगळं ठीक, पण ए३२० अगत्तीला उतरू शकत नाही. तिथली धावपट्टी सुमारे १,२०० मीटरची आहे. १९८८ पासून वापरात असलेल्या या विमानतळावर पंख्याची विमानं येतात, आज मुख्यतः एटीआर ७२. त्यालाही पूर्ण वजनाने उडायला समुद्रसपाटीवर साधारण १,३०० मीटर लागतात. म्हणजे विमान भरायचं ते वजन तोलूनच. सामानाची मर्यादा इथे कसोशीने पाळली जाते ती याचसाठी. उष्ण, वारा पडलेल्या दुपारी ही मर्यादा अधिक घट्ट होते. डायव्हिंगचं जड साहित्य नेणाऱ्यांनी विमान कंपनीशी आधी बोलून घ्यावं. ऐनवेळी काउंटरवर वाद घालून धावपट्टी लांब होत नाही.

मग एटीआरच लेहपर्यंत का नाही? एक तर पल्ला. पूर्ण प्रवासी घेऊन ते दीड हजार किलोमीटरपर्यंत जातं, आपल्याला २,६४९ हवेत. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. विमानाचं एक इंजिन बंद पडलं तरी ते खालच्या डोंगरांपेक्षा वर राहिलं पाहिजे. लेह आणि मंडी यांच्यामधला पावणेतीनशे किलोमीटरचा टापू झंस्कर आणि हिमालयाच्या रांगांचा आहे, शिखरं सहा हजार मीटरपर्यंत जातात. एका इंजिनावर एटीआर ७२ त्या उंचीच्या जवळपासही तग धरू शकत नाही. केबिनमधला दाब गेला तर एरवी विमान झपाट्याने १०,००० फुटांवर उतरतं, म्हणजे प्रवाशांना मास्कमधल्या प्राणवायूशिवाय श्वास घेता येतो. इथे १०,००० फुटांवर डोंगराचं पोट असतं. म्हणून लेहला जाणाऱ्या जेट विमानांसाठीसुद्धा प्राणवायूचा साठा आणि सुटकेचे मार्ग आधी आखून ठेवावे लागतात.

लेहच्या बाजूची खरी अडचण हवा विरळ असण्याची. प्रमाण हवामानात, म्हणजे त्या उंचीवर उणे ६ अंश तापमान असताना, हवेची घनता समुद्रसपाटीच्या ७२ टक्के असते. तापमान २० अंशांवर गेलं की ती ६६ टक्क्यांवर येते. याचा अर्थ प्रत्यक्ष उतरताना असा होतो : वैमानिकाच्या तबकडीवर वेग १३५ नॉट दिसतो तेव्हा विमान हवेतून खरं १६६ नॉटने जात असतं. थांबवायची ऊर्जा दीडपट. उडताना तोच हिशेब उलटा, वर इंजिनाचा जोरही घटलेला. सुमारे २,७५० मीटरची धावपट्टी कागदावर प्रशस्त वाटते, तिथल्या हवेत ती प्रशस्त राहत नाही.

त्यात पूर्वेच्या टोकाला डोंगर आहेत, म्हणून उतरणं सहसा पश्चिमेकडून आणि उडणं पश्चिमेकडे. खोरं दुपारी तापलं की वारा खोऱ्यातून वर चढू लागतो आणि उतरणाऱ्या विमानाच्या पाठीशी लागतो. पाठवाऱ्याची मर्यादा साधारण १० ते १५ नॉट असते. ती ओलांडली की उतरता येत नाही, आणि दुसऱ्या बाजूने यायची सोय नाही. सकाळ निवडली जाते ती थंड हवा आणि शांत वारा या दोन्हींसाठी. २०२४ च्या जुलैअखेरीस लेहमध्ये पारा इतका चढला की उड्डाणं रद्द करावी लागली होती. उन्हाळ्यात शक्य असेल तर सकाळचं सर्वांत लवकरचं विमान घ्या. ते रद्द झालं तर मागच्या विमानांची आशा उरते.

आता प्रत्यक्षातला मार्ग. नेहमीचा म्हणजे लेह–दिल्ली–कोची–अगत्ती. अंतरं ६२१, २,०४९ आणि ४६८, एकूण ३,१३८ किलोमीटर. सरळ रेषेपेक्षा ४८९ ने जास्त. गेट ते गेट वेळा साधारण १ तास २० मिनिटं, ३ तास १५ मिनिटं आणि १ तास २५ मिनिटं. बेरीज सहा तास. प्रत्येक टप्प्याचा सरासरी वेग काढून बघा. लेह–दिल्ली ताशी ४६६ किलोमीटर, कारण अर्धा वेळ डोंगरातून बाहेर पडण्यात आणि दिल्लीच्या रांगेत जातो. दिल्ली–कोची ६३०. कोची–अगत्ती अवघा ३३०. किलोमीटरला ८०० ने भागून वेळ काढणाऱ्यांचा हिशेब छोट्या टप्प्यांवर म्हणूनच कोसळतो. आम्ही ढोबळ अंदाजासाठी जेट विमानाला अंतर भागिले ८०० करून अर्धा तास मिळवतो, आणि एटीआरला अंतर भागिले ४८० करून पंचवीस मिनिटं.

गोव्याचा मोपा विमानतळ या हिशेबात लक्षवेधी आहे. तिथूनही २०२४ मध्ये अगत्तीची सेवा सुरू झाली. लेह–दिल्ली–मोपा–अगत्ती अशी बेरीज केली तर ६२१, १,४६४ आणि ५७७ मिळून २,६६२ किलोमीटर होतात. सरळ रेषेपेक्षा फक्त १३ ने जास्त! दिल्ली त्या रेषेच्या पूर्वेला सुमारे १०० किलोमीटर आणि मोपा ७५ किलोमीटर आहे, आणि इतक्या लांब पल्ल्यात एवढ्या वाकण्याने अंतर नावालाच वाढतं. कोची मात्र रेषेपासून साडेचारशे किलोमीटर बाजूला. तरी वेळेत बचत वीसेक मिनिटांचीच, कारण एटीआरचा संथ टप्पा इथे लांबतो. कोकण-गोव्यातल्या माणसाला अगत्तीसाठी मोपा अर्थातच सोयीचा. बेटांच्या विमानांचे वार आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, ते बुकिंगच्या दिवशी पाहून घ्यावेत.

उड्डाणाचे तास सहा असले तरी प्रवास एका दिवसात बसत नाही. उदाहरणादाखल : लेहहून सकाळी ८, दिल्ली ९.२०. पुढचं विमान १२.३० ला, कोची पावणेचारला. तोवर अगत्तीचं विमान गेलेलं असतं. तिथली ये-जा उजेडातच होते. रात्र कोचीत. दुसऱ्या दिवशी १० ला निघून ११.२५ ला अगत्ती. एकूण २७ तास २५ मिनिटं. उलट दिशेने हाच मार्ग धरा : अगत्तीहून १२, कोची १.२५, तिथून ४.३० ला निघून दिल्ली पावणेआठ, पहाटे ६ चं विमान, लेह ७.२०. एकूण १९ तास २० मिनिटं. अंतर तेच, विमानं त्याच जातीची, तरी आठ तासांचा फरक. लेहचं विमान सकाळचं असतं आणि दिल्लीतली रात्र आपोआप त्याच्या अलीकडे बसते, म्हणून.

तिकीट काढताना दिल्लीपर्यंतचा आणि कोचीपर्यंतचा टप्पा एकाच पीएनआरवर घेता आला तर घ्या. वेगवेगळी तिकिटं असली आणि लेहचं विमान हवेमुळे रद्द झालं, तर पुढचं विमान चुकल्याचं नुकसान तुमचं. अगत्तीचा टप्पा बहुधा वेगळाच काढावा लागतो, म्हणून त्याच्या अलीकडे एक रात्र मोकळी ठेवणं हा खर्च समजू नये. मॉन्सूनमध्ये ही काळजी दुप्पट. ढग खाली आले किंवा आडवा वारा वाढला तर अगत्तीवरून विमान परत फिरतं. मुख्य भूमीवरचा जवळचा विमानतळ मंगळुरू, तोही ३८० किलोमीटरवर. त्यामुळे परत फिरण्यापुरतं इंधन घेऊनच विमान निघतं, आणि ते इंधन पुन्हा प्रवासी-सामानाच्या वजनातून वजा होतं. लक्षद्वीपचा प्रवेश परवाना हातात असल्याशिवाय कोचीचं हॉटेलसुद्धा पक्कं करू नये.

उलट दिशेने जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट वेळेत धरावी. चार मीटरवरून निघून विसाव्या तासाच्या आत ३,२५६ मीटरवर उतरल्यावर शरीराला विरळ हवेची सवय व्हायला अवधी लागतो. विमानाने येणाऱ्यांनी लेहमध्ये पहिले ४८ तास विश्रांती घ्यावी अशी सूचना दिली जाते. याहून उंचावरच्या खार्दुंग ला खिंडीचं किंवा पँगाँग सरोवराचं बुकिंग पोचल्यानंतर तिसऱ्या दिवसापासून पुढेच करावं.